दैत्याचा बांध आणि त्याचे वाटाडे

बेलफास्ट हें उत्तर आयर्लंडाचें राजधानीचें शहर. तेथून सकाळच्या प्रहरीं लहान लहान मोटारी प्रवाशांना घेऊन उत्तरेकडे निघतात. एका मोटारींत चार-सहा माणसें, बहुधा एकाच कुटुंबांतलीं; आणि चाकापाशीं बसलेला गृहस्थ चालकहि असतो व वाटाड्याहि असतो. समुद्राच्या कडेकडेनें जावयाचें, वाटेंत तीन-चार ठिकाणीं उतरावयाचें, साठ मैलांवरील दैत्याचा बांध पाहावयाचा आणि रात्रीं परत शहरांत यावयाचें, असा हा एका दिवसाचा कार्यक्रम. तो फार सोपा वाटतो. परंतु ज्या किनाऱ्यावरून ही मोटार धांवते, त्याच्या मोठ्या भागांत दोनशें वर्षांपूर्वीं धड गाडीरस्ता नव्हता. आणि वाटाड्याचा जो धंदा हा गृहस्थ आज सभ्यपणें करतो, त्याच धंद्यापायीं याच जागीं भांडणें, कज्जे आणि मानभंग होऊन गेले आहेत. या किनाऱ्याचा इतिहास ज्यांनीं लिहिला ते बहुतेक पाहुणे होते. वाटाड्यांना त्यांनीं आपल्या ग्रंथांत जागा दिली, पण ती बहुधा थट्टेची.

अँट्रिम परगण्याचा हा किनारा मोठा दुर्गम. डोंगर थेट समुद्रांत उतरलेले. खालीं पांढऱ्या खडूच्या दगडाचा थर, त्यावर काळ्या कातळाचे थर, आणि मधून मधून नऊ दऱ्या समुद्राकडे तोंड करून उघडलेल्या. एका दरींतून दुसऱ्या दरींत जावयाचें तर उभा डोंगर चढून उतरावा लागे. समोर स्कॉटलंडचा किनारा मात्र अवघा बारा-तेरा मैलांवर. स्वच्छ दिवशीं तेथील शेतेंहि दिसतात. त्यामुळें येथील लोकांस स्वदेशांतील शहरापेक्षां परक्या किनाऱ्यावरचा बाजार जवळचा वाटे. १८३२ ते १८४२ या दहा वर्षांत विल्यम बाल्ड नांवाच्या स्कॉटिश अभियंत्यानें येथें रस्ता काढला. डोंगरावरून रस्ता नेण्याचा जुना विचार त्यानें सोडून दिला. कडे सुरुंगानें फोडून त्यांचा दगड खालीं समुद्राच्या कांठीं पाडावयाचा आणि त्याच दगडाच्या भरावावरून, कड्याच्या पायथ्याशीं, लाटांच्या अगदीं शेजारून रस्ता न्यावयाचा, अशी त्याची युक्ति होती. हा रस्ता झाला आणि तो किनारा परक्या माणसाच्या आटोक्यांत आला.

वाटेंत बॅलिकॅसल हें गांव लागतें. त्याच्या समोर रॅथलिन नांवाचें बेट आहे. येथें प्रस्तुत भाषणापुरता एक लहानसा थांबा घेणें उचित होईल. कारण ज्या विद्येच्या साह्यानें हे शब्द श्रोत्यांच्या कानीं पडत आहेत, त्या विद्येचा एक आरंभीचा प्रयोग याच दोन जागांमध्यें झाला. अटलांटिकमधून येणारीं जहाजें रॅथलिनच्या उत्तरेनें जात. तीं सुखरूप आलीं, ही बातमी लंडनच्या लॉइड्स या विमामंडळास हवी असे. परंतु धुकें पडलें म्हणजे बेटावरचीं निशाणें मुख्य भूमीवरून दिसत नसत. १८९८ सालच्या उन्हाळ्यांत मार्कोनीच्या माणसांनीं बेटावरील दीपगृहापासून बॅलिकॅसलपर्यंत बिनतारी संदेश पाठविले. या कामावर असलेला डब्लिनचा एक तरुण पदवीधर त्याच ऑगस्टमध्यें रॅथलिनच्या कड्यावरून पडून मरण पावला. त्याला खडकांच्या अभ्यासाची आवड होती.

त्यापुढें कॅरिक-अ-रीडचा दोरांचा पूल. आज प्रवासी त्याच्यावर गंमत म्हणून जातात, खालीं पाहून किंचाळतात आणि छायाचित्रें काढतात. मूळ तो पोटासाठीं बांधलेला पूल. किनाऱ्याला लागून एक खडकाळ बेट आहे. मध्यें सुमारें साठ-पासष्ट फुटांची खिंड आणि खालीं शंभर फुटांवर समुद्र. सालमन मासे नदीकडे जातांना किनारा धरून येतात व या बेटाला वळसा घालतात; तेथें जाळें लावून बसलें कीं मासा आपण होऊन जाळ्यांत येतो. म्हणून अठराव्या शतकाच्या मध्यापासून कोळी लोक दर वर्षीं हंगामापुरता येथें पूल टांगीत. कित्येक वर्षें त्याला हाताशीं धरावयास एकच दोर असे, आणि कोळी खांद्यावर माशांचा भार घेऊन एका हातानें तो दोर धरून पार होत. पुढें मासेच कमी होत गेले. २००२ नंतर येथें जाळें पडलें नाहीं. पूल राहिला, धंदा गेला.

आतां मुख्य स्थळाकडे वळूं. दैत्याचा बांध म्हणजे समुद्रांत शिरलेला काळ्या खांबांचा एक पसारा. हे खांब सुमारें चाळीस हजार आहेत. बहुतेक षट्कोनी, कांहीं पांच, सात, क्वचित् चार किंवा आठ बाजूंचे. मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें ते एकमेकांस इतके चिकटून उभे आहेत कीं पुष्कळ ठिकाणीं सांध्यांत सुरीचें पातें शिरणें कठीण. कांहीं पायऱ्यांसारखे आंखूड, तर कड्यांतील कांहीं चाळीस फुटांपर्यंत उंच. लोककथा अशी कीं, फिन मॅकूल या आयरिश दैत्यानें स्कॉटलंडच्या बेनॅनडॉनर दैत्याशीं लढण्यासाठीं हा सेतु समुद्रावर बांधला. परंतु शत्रु आपल्याहून फारच थोर आहे असें पाहतांच तो घरीं पळाला. त्याच्या बायकोनें त्याला बाळंत्यांत गुंडाळून पाळण्यांत निजविलें. शत्रु घरांत आला, पाळण्यांतलें तें अवाढव्य मूल त्यानें पाहिलें, आणि मूल एवढें तर बाप केवढा असेल या धसक्यानें तो सेतु मोडीत परत पळाला. रामेश्वराच्या सेतूची कथा लहानपणापासून ऐकलेल्या माणसास समुद्रावर सेतु बांधणारे वीर नवे नाहींत; पण सेतु बांधून मग बायकोच्या अकलेनें जीव वांचविणारा वीर आयर्लंडनेंच निर्माण करावा! या कथेंत एक खरी गोष्ट मात्र आहे. समुद्रापलीकडे स्कॉटलंडच्या स्टॅफा बेटावर अशाच खांबांची गुहा आहे, आणि दोन्ही ठिकाणचा कातळ एकाच काळच्या ज्वालामुखी उद्रेकांतून निघालेला आहे.

विद्वानांच्या कानीं हा बांध १६९३ सालीं गेला. त्या वर्षीं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे सर रिचर्ड बल्कली यांचें टिपण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आलें. हें माणसाचें काम कीं निसर्गाचें, येथपासून वाद सुरू झाला. परंतु केवळ वर्णन वाचून कोणास कांहीं उमगेना. तें काम सुसॅना ड्रूरी या स्त्रीनें केलें. ती डब्लिनची चित्रकर्ती. पुढें एका समकालीन बाईनें आपल्या पत्रांत लिहिलें आहे कीं, ड्रूरी तीन महिने या जागेच्या जवळपास राहिली व जवळजवळ रोज तेथें जाऊन बसली. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकांत, रस्ता नसतां, बोचऱ्या वाऱ्यांत एका स्त्रीनें तीन महिने दगड मोजीत बसणें ही सामान्य गोष्ट नव्हे. १७४० सालीं डब्लिन सोसायटीनें तिला पंचवीस पौंडांचें पारितोषिक दिलें. १७४३ सालीं तिच्या चित्रांवरून ठसे छापले जाऊन ते युरोपभर गेले. तिच्याविषयीं याहून अधिक माहिती फार थोडी उपलब्ध आहे.

त्या ठशांचा परिणाम मोठा झाला. देमारे या फ्रेंच संशोधकानें १७६३ सालीं आपल्या देशांतील ऑव्हर्न प्रांतांत असेच खांब पाहिले होते, आणि ते जुन्या लाव्ह्याच्या प्रवाहाशीं जोडलेले आहेत हें त्याच्या ध्यानीं आलें होतें. फ्रेंच ज्ञानकोशाच्या १७६८ च्या चित्रखंडांत ड्रूरीच्या चित्राचा ठसा आला तेव्हां, हे खांब अग्निजन्य असावेत, असें मत त्याच्या टिपणांत मांडलें गेलें. उलट बाजूस जर्मनीच्या फ्रायबर्ग येथील अध्यापक वेर्नर आणि त्याचे शिष्य म्हणत कीं, कातळ समुद्राच्या पाण्यांतून सांक्यासारखा बसला. या जलवाद्यांना एक पुरावाहि सांपडला. बांधापासून थोड्या मैलांवर पोर्टरश गांवीं काळ्या खडकांत शिंपल्यांचे अवशेष दिसतात. तप्त रसांत शिंपले कसे राहतील, असा त्यांचा सवाल होता. प्रश्न बिनतोड होता, पण तो खडक कातळच नव्हता. तो होता जुना समुद्रतळाचा चिखल, शेजारच्या तप्त रसानें भाजून विटेसारखा कठीण झालेला. ज्या पुराव्यानें अग्निवाद मोडावयाचा, त्यानेंच अखेर त्याला बळकटी आणली.

कोरड्या तळ्याचा गाळ वैशाखांत कसा भेगाळतो हें ज्यानें पाहिलें आहे त्यास हे खांब कसे झाले तें समजावून सांगणें सोपें आहे. सुमारें सहा कोटी वर्षांपूर्वीं येथें लाव्ह्याचे जाड थर पसरले. ते निवतांना आकुंचन पावले, पृष्ठभागाला भेगा पडल्या, आणि जसजसा थर आंत निवत गेला तसतशा त्या भेगा खोल उतरत गेल्या. लिव्हरपूल विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१८ सालीं प्रयोग करून दाखविलें कीं, हा कातळ ८९० ते ८४० अंशांपर्यंत निवाला असतां, म्हणजे हाताला अजून भयंकर तप्त असतांनाच, तडकतो. महाराष्ट्रास हें प्रकरण परकें नाहीं. सह्याद्रि ज्या काळ्या कातळाचा बनला आहे तो याच जातीचा, काळानें थोडा वडील. मुंबईंत अंधेरीस गिल्बर्ट टेकडी म्हणून जो दोनशें फुटांचा काळा सुळका आहे, तो अशाच उभ्या खांबांचा जुडगा असून साडेसहा कोटी वर्षांचा आहे. भोंवतालचा दगड खाणवाल्यांनीं फोडून नेला आणि आतां त्याच्या भोंवतीं इमारती आहेत. वर गांवदेवीचें देऊळ आहे. तेथें जाणाऱ्या भाविकांपैकीं कितीजण त्या खांबांकडे मान वर करून पाहत असतील, हा वेगळा प्रश्न.

असो. चित्रें पाहून लोक येऊं लागले, आणि लोक आले तसे वाटाडेहि उभे राहिले. ही गरीब माणसें होतीं. जमीन खडकाळ, पाऊस बारमाही, मासेमारी बेभरवशाची. उन्हाळ्यांत येणारा प्रवासी हेंच त्यांचें नगदी पीक. कोणी वाट दाखवी, कोणी होडीनें गुहा दाखवी, कोणी पेटींत भरून दगडांचे नमुने विकी. दैत्याच्या विहिरीपाशीं एखादी म्हातारी पाणी विकीत बसे, आणि पाण्यांत घालावयास व्हिस्कीहि तिच्यापाशीं असे. पंडित जॉन्सननें १७७९ सालीं, स्वतः तेथें कधीं न जातां, असा निवाडा दिला होता कीं बांध पाहण्याजोगा खरा, पण मुद्दाम पाहावयास जाण्याजोगा नव्हे. घरीं बसून दिलेला निवाडा नेहमींच सुबक असतो.

कादंबरीकार थॅकरे मात्र प्रत्यक्ष गेला. हा थॅकरे जन्मानें कलकत्त्याचा. १८४२ सालीं तो आयर्लंडांत हिंडला व पुढल्या वर्षीं त्यानें आपलें प्रवासवृत्त छापलें. बांधापाशीं पोंचतांच वाटाड्यांनीं त्याला घेरलें, आणि काय होतें आहे हें कळण्यापूर्वींच तो खवळलेल्या समुद्रांत एका होडींत बसलेला होता. लाटा डोक्यावर येत असतां नावाडी मंडळी शांतपणें त्याला गुहांचीं नांवें सांगत होती आणि दगडांची पेटी गळ्यांत मारूं पाहत होती. एवढा दीडशें मैलांचा प्रवास करून येऊन समोर हा एवढासा धक्का दिसावा, याचें त्याला हसूं आलें. परंतु किनाऱ्यावर उतरून, वाटाड्यांचा ससेमिरा चुकवून एकटा उभा राहिला तेव्हां त्या जागेच्या उजाडपणानें त्याच्या मनाची पकड घेतली. सृष्टि आकारास येण्यापूर्वींचा एखादा तुकडा येथें राहून गेला असावा असें त्याला वाटलें. प्रवासवृत्त वाचणाऱ्यांच्या लक्षांत राहिली ती होडींतली फजिती. त्यानंतर जो तो प्रवासी वाटाड्यांची टवाळी केल्याखेरीज लेखणी खालीं ठेवीना. चार पैशांसाठीं त्या समुद्रांत होडी घालणाऱ्या माणसाचा जीव कितीदां धोक्यांत पडे, याचा हिशेब कोणी मांडला नाहीं.

पुढें वीज आली. विल्यम ट्रेल या अभियंत्यानें पोर्टरशपासून बुशमिल्सपर्यंत ट्राम बांधली व सप्टेंबर १८८३ मध्यें तिचें रीतसर उद्घाटन झालें. बुश नदीच्या धबधब्यावर चाकें बसवून त्या पाण्यानें वीज काढावयाची आणि त्या विजेनें गाडी चालवावयाची, असा प्रकार जगांत तोंवर कोणी इतक्या लांबवर करून दाखविला नव्हता. १८८७ सालीं ट्राम थेट बांधापर्यंत आली. वीज रुळांशेजारच्या उघड्या पट्टींतून येई. १८९५ सालीं एक सायकलस्वार तिला लागून मेला, म्हणून पुढें १८९९ मध्यें तारा डोक्यावरून नेल्या. ही ट्राम १९४९ सालीं बंद पडली. तिच्यामुळें जेथें शेंकडे येत तेथें हजारों येऊं लागले. आणि हजारों येऊं लागले म्हणजे कोणाच्या तरी मनांत कुंपणाचा विचार येतोच.

तो आला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या दशकांत एका कंपनीनें जमीनमालकांकडून बांधाचा पट्टा मिळविला, कुंपण घातलें, फाटक बसविलें आणि आंत जावयास पैसे घेण्यास आरंभ केला. गांवकऱ्यांचें म्हणणें असें कीं, आमचे वाडवडील या वाटेनें समुद्रावर जात आले आहेत, ही वाट सार्वजनिक आहे. त्यांच्या दृष्टीनें प्रश्न सहलीचा नव्हता. फाटक लागलें म्हणजे प्रवासी कोणाबरोबर आंत जाईल, दगड कोणाचे विकले जातील, हें फाटकावर बसलेला माणूस ठरविणार. खटला न्यायालयांत गेला. १८९७-९८ मध्यें त्याची सुनावणी व अपील होऊन निकाल कंपनीच्या बाजूनें लागला. पाहावयास, हिंडावयास जनतेला पिढ्यान् पिढ्या कोणी अडविलें नाहीं, एवढ्यानें तिचा हक्क सिद्ध होत नाहीं, हें कायद्याचें तत्त्व. कायदा म्हणून तें बरोबर असेल. ज्या जागेला कोणी बांधलें नाहीं, कोणी नांगरलें नाहीं, तिच्यावर जमीनमालकाचा हक्क मात्र कागदावरून सहज सिद्ध झाला.

फाटक साठांहून अधिक वर्षें राहिलें. १९६१ सालीं नॅशनल ट्रस्ट या संस्थेनें जागा ताब्यांत घेतली व पुढें तें फाटक आणि दुकानांच्या टपऱ्या काढून टाकल्या. १९८६ सालीं युनेस्कोनें बांधास जागतिक वारशाच्या यादींत घातलें. २०१७ सालीं दहा लाखांवर लोक येथें येऊन गेले. २०१२ मध्यें उघडलेल्या प्रदर्शनगृहासाठीं शुल्क पडतें. पायीं जाऊन दगडांवर उभें राहण्यास पडत नाहीं. पुष्कळ प्रवाशांस हा भेद ठाऊक नसतो. भला वाटाड्या तो आधींच सांगून टाकतो.

आणि आतां वाटाड्यांच्या बाजूची एक गोष्ट. १५८८ च्या ऑक्टोबरांत स्पेनच्या पराभूत आरमारांतील ‘गिरोना’ हें जहाज या किनाऱ्यावरून स्कॉटलंडकडे चाललें होतें. मूळच्या माणसांखेरीज फुटलेल्या आणखी जहाजांवरचे लोक त्यानें घेतलेले. एकंदर तेराशेंच्या आसपास माणसें त्यावर खचलेलीं. त्यांत स्पेनच्या थोर घराण्यांतले पुष्कळ तरुण आणि त्यांचा सेनानी आलोन्सो दे लेव्हा. रात्रीं तुफानांत सुकाणू मोडलें आणि जहाज खडकावर आपटलें. दहांच्याहि आंत माणसें वांचलीं. डनल्यूसच्या किल्ल्याचा धनी सॉर्ली बॉय मॅकडॉनेल यानें त्यांना आसरा देऊन स्कॉटलंडांत पोंचतें केलें. जहाजावरच्या कांहीं तोफा त्या किल्ल्यावर चढल्या.

जहाज नेमकें कोठें बुडालें? त्या वेळच्या कागदांत जागा डनल्यूसच्या जवळ सांगितलेली होती. म्हणून शोध घेणारे तेथें पाण्यांत धुंडाळीत आणि रिकाम्या हातानें परतत. बांधाच्या पूर्वेस मात्र एका लहानशा उपसागराला स्थानिक लोक आयरिश भाषेंत ‘पोर्ट ना स्पॅनिया’, म्हणजे स्पेनवाल्यांचें बंदर, असें पिढ्यान् पिढ्या म्हणत आले होते. शेजारीं स्पेनवाल्यांचा खडक, स्पेनवाल्यांची गुहा. तेथल्या कड्यावरच्या सुळक्यांना किल्ल्याचे मनोरे समजून स्पॅनिश लोकांनीं त्यांवर तोफा डागल्या, अशी कथाहि वाटाडे सांगत. पाहुणे ती ऐकून हसत. गळ्यांत दगडांची पेटी मारणाऱ्याच्या तोंडची कथा ती!

रॉबेर स्टेनुइ या बेल्जियन पाणबुड्यानें जुनीं कागदपत्रें वर्षानुवर्षें वाचलीं आणि अखेर भरंवसा ठेवला तो नकाशांतल्या या नांवांवर. १९६७ च्या जूनमध्यें तो पोर्ट ना स्पॅनियाच्या शेजारीं लॅकाडा टोंकापाशीं थंडगार पाण्यांत उतरला. ‘गिरोना’ तेथेंच होतें. तोफा, नाणीं, सोन्याच्या सांखळ्या, माणकें जडविलेला सोन्याचा एक सॅलमँडर. आणि एक लहान अंगठी, जिच्यावर एक हात हृदय पुढें करीत आहे व शेजारीं स्पॅनिश अक्षरें कोरलीं आहेत कीं, तुला देण्यास याहून अधिक मजपाशीं कांहीं नाहीं. हा सर्व ठेवा १९७२ सालीं बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियमनें घेतला.

लॅकाडाकडे जाणाऱ्या खालच्या पायवाटेचा पुढचा भाग दरडी कोसळल्यामुळें बंद करण्यांत आला आहे. म्हणून बांध पाहून झाल्यावर प्रवाशांना वरच्या कड्यावरून चालत जाऊन तो उपसागर पाहावा लागतो. वाटाड्या तेथें थांबतो, बोटानें खालचा खडक दाखवितो, तेराशें माणसांची हकीकत सांगतो आणि नांवाचा उच्चार आयरिश भाषेंत कसा करावयाचा तें दोनदां म्हणून दाखवितो. मग वाऱ्यांत टोप्या सांवरीत मंडळी मोटारीकडे परततात.